आधी झाड, की आधी चाक?

प्रभावतीबाईंना खुर्ची मांडून दिली होती शेडच्या दाराशी, वाऱ्याला. ती त्यांनी स्वतःच उचलली आणि सरळ गाडीच्या नाकासमोर नेऊन ठेवली. पिंपरीहून म्हाळुंग्यापर्यंत काय वारा खायला आल्या होत्या का त्या?

"आई, तिथं ऑइल उडेल अंगावर," नेहा म्हणाली.

"उडू दे. भोसरीला जन्म गेला माझा मोटारींचं वायंडिंग करण्यात. पातळावर वार्निशचा डाग दिसला न्हाई तर शेजारणी विचारायच्या, आज सुट्टी का गं?"

नेहाने मान डोलावली आणि डबे काढायला गेली. सुनेचं हे एक बरं होतं, सासूशी वाद घालण्यात ती वेळ दवडायची नाही.

सुट्टी तर आजही होतीच. गुरुवार म्हणजे या पट्ट्यातल्या कारखान्यांचा रविवार, आणि त्यात सकाळपासून लाईट गेलेली. एरवी थोरल्या मुलाच्या, धम्मरत्नच्या या शेडमध्ये कंपन्यांसाठी ट्रॉल्या आणि रॅक बनतात, ग्राइंडरच्या आवाजात आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. आज पाल चुकचुकली असती तरी कळलं असतं. मधोमध ती लाल, दोन सीटची विलायती गाडी पुढून उचलून स्टँडवर ठेवली होती. पुढची दोन्ही चाकं काढलेली. कवळी काढलेल्या माणसासारखी दिसत होती बिचारी.

तिच्याखाली पाठीवर झोपून धम्मरत्नची मुलगी मैत्री टॉर्च दातात धरून काहीतरी चाचपत होती. पोरगी चाकणच्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे. चांगल्या गाड्या मोडेपर्यंत हादरवायच्या, आणि मोडल्या की का मोडल्या ते शोधायचं, याचा तिला पगार मिळतो. प्रभावतीबाईंना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, आमच्या घरात हेच काम फुकट करणारे ढीगभर आहेत.

"मैत्री, ते सस्पेन्शन म्हणजे नेमकं कुठलं गं? मला बोट लावून दाखव."

मैत्री बाहेर सरकली. "हे सगळंच, आजी. चाक आणि गाडी यांच्या मधे जे जे आहे ते. ही स्प्रिंग, हा वरचा दांडा, हा खालचा. खड्डा आला की चाकानं वर जायचं आणि गाडीनं शांत राहायचं. आणि हा उभा खांब. ह्याला चाक लागतं. स्टिअरिंग वळवलं की हा खांब खाली ह्या पितळी ठोकळ्यात फिरतो. आटे बघ त्याला. बरणीचं झाकण फिरतं ना, तसा."

"म्हणजे अख्खं चाक एका झाकणावर?"

"अख्खं चाक एका झाकणावर."

"अगं बाई! आणि ह्याला विलायती म्हणायचं?"

मैत्री हसली. पलीकडे बाजेवर बसलेल्या तिच्या आजोबांना, ज्ञानदेवरावांना मात्र हसू आलं नाही. एक तर ऐकू कमी येत होतं, कानाचं मशीन खिशात ठेवायची त्यांना सवय. दुसरं म्हणजे या गाडीवर कुणी हसलेलं त्यांना आजवर चाललं नव्हतं.

गाडी घरात आली कशी, हे पिंपरीच्या कामगार वसाहतीत अजून सांगतात. कंपनीतला एक मोठा साहेब पुणं सोडून जाताना म्हणाला, ज्ञानदेव, ही चालू होत नाही, तूच ने. ज्ञानदेवराव कंपनीत मेन्टेनन्सचे फिटर. चार मित्रांना घेऊन त्यांनी ती बंगल्यापासून वसाहतीपर्यंत ढकलत आणली आणि चालूही करून दाखवली. सगळ्या वसाहतीत सायकली आणि एखाददुसरी लुना, त्यांच्यात ही लाल नवरी. लोक तोंडावर कौतुक करायचे आणि पाठ वळली की म्हणायचे, झेपतंय का ह्यांना? ते त्यांच्या कानावर गेलं. मग काय, गाडीची सेवा हा इभ्रतीचा प्रश्न झाला. दर गुरुवारी जेवणाआधी ग्रीस गन बाहेर निघायची. सायकल, नळाचा दांडा, दाराची बिजागरी, जे फिरतं त्याला ग्रीस. एकदा त्यांनी प्रभावतीबाईंच्या शिलाई मशीनलाही भरलं, तेव्हा बाई नवऱ्याशी आठवडाभर बोलल्या नव्हत्या. वसाहतीतली पोरं त्या दिवसाला ग्रीसवारच म्हणायची.

आणि मग ती तळेगावच्या रस्त्यावरची दुपार. गाडी धाकटा संघर्ष चालवत होता, डाव्या अंगाला धम्मरत्न. वळणावर गाडी बाभळीवर गेली. संघर्षला नुसतं खरचटलं. धम्मरत्नचा डावा गुडघा गेला. कबड्डीत चढाई करणारा पोरगा तो, कंपनीच्या संघात नाव लागलेलं. संघात नाव लागलं म्हणजे कंपनीत नोकरी लागली, तो काळ तसा होता. सगळं त्या बाभळीखाली राहिलं.

संघर्ष घसा फोडून सांगत होता, आधी चाक गेलं, मग झाड आलं. स्टिअरिंग हातात राहिलंच नाही. ज्ञानदेवराव म्हणाले, आधी झाड, मग चाक. मी सांभाळलेल्या गाडीचं चाक असं निखळत नाही, पोरगं उडवत होतं गाडी. त्यांनी ताडपत्री टाकली आणि सांगितलं, हिला कुणी हात लावायचा नाही. तेव्हापासून घरात दोन पक्ष झाले. म्हणजे एका पक्षात बाप आणि थोरला, पुढे थोरल्याची बायकोही. आणि दुसऱ्या पक्षात संघर्ष एकटा. तो तळेगावला राहायला गेला, एका युनिटमध्ये स्टोअर सांभाळू लागला. पुन्हा म्हणून त्याने वाहन हातात घेतलं नाही. साधी लुनासुद्धा नाही. जयंतीला यायचा, पोरीला खाऊ द्यायचा, शेवटच्या बसने परत. आईच्या जिवाला काय वाटत असेल हे त्या दोघा भावांपैकी एकानेही कधी विचारलं नाही.

आता ज्ञानदेवरावांची नजर चालली होती, आणि मैत्रीने हट्ट धरला की आजोबांना एकदा या गाडीत बसवून फिरवायचं. बापाने हो-ना करत शेड दिली. पुढचं सगळं नवं सामान तिने परदेशातून मागवलं. आणि बापाला न विचारता तिने काकालाही बोलावलं. ते एकट्या प्रभावतीबाईंना माहीत होतं. त्यांनीच तर सांगितलं होतं, बोलव.

---

संघर्ष आला तो चाकण चौकातून रिक्षाने. दारात चपला काढल्या, जसं काही घरातच चाललाय.

"जय भीम, अण्णा. जय भीम, दादा."

"जय भीम," धम्मरत्न म्हणाला. त्याने मुलीकडे पाहिलं. "ह्याला कुणी बोलावलं?"

"मी. स्प्रिंग दाबून काढायची तर दोन माणसं लागतात, बाबा. सुटली तर दात पाडते. तुम्हाला खाली बसता येत नाही."

"बंटीला बोलावलं असतं. वेल्डर आहे आपला."

"बंटीला सुट्टी आहे."

"आणि ह्याला न्हाई का?" प्रभावतीबाई मधेच बोलल्या. "लेकरू तळेगावहून आलंय. नेहा, पाणी दे त्याला."

नेहाने पाणी दिलं, भावोजी म्हणाली, पण तांब्या देऊन लगेच वळली. धम्मरत्न टेबलाशी जाऊन नट-बोल्ट निवडत बसला, जे निवडलेलेच होते. संघर्षने बाह्या दुमडल्या आणि तो पुतणीशेजारी जमिनीवर बसला. केस पांढरे झाले होते पोराचे. आपल्या धाकट्याचे केस पांढरे झालेले आईला बघवत नाहीत.

"काका, आधी उजवी बाजू. ती धड आहे. तिच्यावरून कळेल सगळं कसं असायला हवं ते."

स्प्रिंग निघाली. मैत्रीने वरचा जोड सोडवला, उभा खांब दोन्ही हातांनी धरला आणि फिरवला. इतकी वर्षं ताडपत्रीखाली राहिलेली वस्तू, पण ती अशी फिरली की जणू कालच कुणी बसवली असावी. चार-पाच वेढ्यांत खांब ठोकळ्यातून बाहेर आला आणि त्याच्यामागून काळं, घट्ट तेल मैत्रीच्या मनगटावर ओघळलं.

"अरे वा!" तिने बोटाला बोट चोळून पाहिलं, वास घेतला. "गिअर ऑइल! आजोबांनी तेल घालायला हवं हे बरोबर ओळखलं होतं. बाबा, हे बघा ना. भलेभले इथं चुकतात. ह्याला ग्रीसचं निपल, गन लावायचं बोंड, असतं ना, म्हणून लोक ग्रीस भरतात. पण ग्रीस तळापर्यंत उतरतच नाही. वरच बसतं, वाळतं, आणि खालून पाणी शिरतं. इथं तेलच लागतं."

धम्मरत्नने मान वर केली नाही. पण त्याचे हात थांबले होते.

प्रभावतीबाईंच्या नाकात तो वास गेला आणि त्या खुर्चीतच सावरून बसल्या. हा वास त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात घेतला होता! भाकरी थापता थापता त्यांनी चोचीचा तेलाचा डबा उचलला होता आणि आत गोडं तेल नव्हतंच, हेच होतं, सडक्या लसणासारखा वास येणारं. संघर्षला त्यांनी लाटण्याने बडवला होता त्या दिवशी. तो हसत हसत पळत म्हणाला होता, अगं आई, बंगल्यावरचा ड्रायव्हर म्हणाला की ह्या गाडीला तेल लागतं, मी फक्त बघतोय काय होतं ते. रात्री जेवताना त्याने बापालाही सांगून पाहिलं. ज्ञानदेवरावांनी ताटावरून डोळे काढले नाहीत. ग्रीसचं निपल असतं तिथं ग्रीस, म्हणाले. मला शिकवू नकोस. विषय संपला. पण पोरगं कुठलं ऐकतंय, ते चोरून आपल्या चाकात तेल घालत राहिलं.

आपल्या चाकात. प्रभावतीबाईंची नजर गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेली. कारण चाकं वाटून दिलेली होती. ग्रीसवारी ग्रीस गन आधी थोरल्याच्या हातात जायची, मग धाकट्याच्या. उजवं चाक संघर्षचं. डावं धम्मरत्नचं. आणि धम्मरत्न म्हणजे बापाचा शब्द खाली न पडू देणारा पोरगा.

अपघात झाला तेव्हा मोडलं होतं ते डावं.

"मैत्री," त्या घाईने म्हणाल्या, "जेवून घ्या आधी. डावं मग बघा."

"आजी, आता नको ना. खरी मजा तर डावीकडेच आहे."

"मजा कसली डोंबलाची! अन्न गार होतंय."

पण पोरगी उठून डाव्या बाजूला गेलीसुद्धा. कुठे काही मोडलेलं दिसलं की हिला भूक लागत नाही, ही कुणावर गेली होती ते प्रभावतीबाईंना चांगलं माहीत होतं.

डाव्या बाजूचा खांब अपघातानंतर कुणीतरी तारेने वर बांधून ठेवला होता. त्याचं खालचं टोक मोडलेलं, आणि मोडलेला तुकडा अजून पितळी ठोकळ्यातच अडकलेला. मैत्रीने पान्हा लावून पाहिला. हलेना. संघर्षने पाईप घालून जोर लावला. ठोकळा खालच्या दांड्यासकट करकरला, तुकडा जागचा हलला नाही.

"कापावा लागेल," मैत्री म्हणाली. "लाईट नाही. हातकरवत कुठाय, बाबा?"

धम्मरत्न उठला. डावा पाय ओढत आला, करवत दिली आणि यावेळी परत टेबलाकडे गेला नाही. तिथेच शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला. काका-पुतणी आळीपाळीने करवत ओढू लागले, खालचं पितळ सोनेरी भुगा होऊन फरशीवर पडू लागलं. नेहाही डबे सोडून येऊन उभी राहिली. खरं तर कुणाचंच जेवणात लक्ष नव्हतं. आधी झाड की आधी चाक, या एका प्रश्नावर या घराने अर्धं आयुष्य काढलं होतं आणि उत्तर त्या मुठीएवढ्या ठोकळ्यात होतं.

"काय चाललंय?" बाजेवरून ज्ञानदेवरावांनी विचारलं.

"कापतायत, अण्णा," नेहाने मोठ्याने सांगितलं.

"चुकीचं कापू नका म्हणावं."

ठोकळा उकलला. नारळ फुटावा तशी दोन भकलं झाली. मैत्रीने एक उचललं आणि उजेडाला दाराशी नेलं. तिच्यामागे संघर्ष. त्याच्यामागे, थोडं अंतर ठेवून, धम्मरत्न. प्रभावतीबाई खुर्चीतच राहिल्या. त्यांना आता बघायचं नव्हतं, पण कान कुठे बंद करता येतात?

"हे वर बघा, ग्रीस. साबणाच्या वडीसारखं झालंय, टणक. आणि इथून खाली ग्रीस नाहीच. नुसता गंज. म्हणजे हा खांब ठोकळ्यात फिरतच नव्हता, काका. तुम्ही स्टिअरिंग वळवत होता तेव्हा तो पिळवटत होता." तिने फडक्याने तुकड्याचं मोडलेलं तोंड पुसलं आणि डोळ्याजवळ नेलं. "ग्रीसखाली दडलं म्हणून तोंड अजून साफ आहे. बघा, हा एवढा मोठा भाग गुळगुळीत, लाटांसारख्या रेघा पडलेल्या. आमच्याकडे रोज बघते मी हे. चीर जुनी होती. महिनोन् महिने जराजरा सरकत आली. आणि हा कडेचा खरखरीत भाग, नखाएवढा, तेवढाच शेवटी एकदम तुटला. झाडावर आपटून मोडलं असतं तर अख्खं तोंड खरखरीत दिसलं असतं."

"म्हणजे?" नेहाने विचारलं.

"म्हणजे आधी चाक गेलं, आई. मग झाड."

  संघर्षच्या तोंडावर आनंद यायला हवा होता. प्रभावतीबाई बघत होत्या, आला नाही. तो थोरल्या भावाकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत भीती होती.

"पण मला एक कळत नाही," मैत्री आपल्याच नादात होती. "एकाच गाडीच्या दोन बाजू अशा कशा? उजवीकडे गिअर ऑइल, डावीकडे ग्रीस. हे एका माणसाचं काम नाही. दोघं करायचे का? डावं कोण करायचं?"

"मीच," संघर्ष चटकन म्हणाला. "दोन्ही मीच करायचो. डावीकडे कंटाळा केला असेल."

त्या क्षणी प्रभावतीबाईंना सगळं उमगलं. पोराला आजच कळलं नव्हतं. त्याला पहिल्यापासून शंका होती. म्हणून तर तो हॉस्पिटलातल्या चार दिवसांनंतर आधी चाक गेलं म्हणायचाच बंद झाला होता. घर सोडलं, स्टिअरिंग सोडलं, पण तोंड उघडलं नाही. आणि आज, पुरावा हातात असताना, पुन्हा तेच करायला निघाला होता. त्यांनी मघाशी गप्प बसायचं ठरवलं होतं. एकाला सोडवायचं तर दुसऱ्याला बांधावं लागतं, कुठली आई करेल ते? पण हे ऐकून त्यांना राहवलं नाही.

"संघ्या, खोटं बोलायचं तर बाहेर जाऊन बोल. माझ्यासमोर न्हाई." त्या खुर्चीतून उठल्या. "डावं चाक धम्माचं होतं. दर गुरुवारी ओट्यावर बसून मी तांदूळ निवडायचे आणि तुमची दोघांची भांडणं बघायचे. उजवं तुझं, डावं त्याचं. मला शिकवतोय!"

"आई, जाऊ दे ना आता..."

"काय जाऊ दे? गेलं तेवढं पुरे."

मैत्रीचा हात तोंडावर गेला. तिने बापाकडे पाहिलं. "बाबा, मला माहीत नव्हतं. मी सहज विचारलं."

धम्मरत्नने तिच्या हातातून ते भकल घेतलं. अंगठ्याच्या नखाने ग्रीसची कड खरवडली, नाकाशी नेली. त्याला ओळख पटली असावी. ते ग्रीस दुसऱ्या कुणाचं नव्हतं, त्याचंच होतं.

"व्हय," तो म्हणाला. "माझं होतं डावं. दाबून दाबून भरायचो, बाहेर येईपर्यंत." मग भावाकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"शंका होती, दादा. नक्की माहीत नव्हतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"काय बोलू? तुझा पाय वर टांगलेला. त्या पायाकडे बघून मी काय सांगू, की दादा, तुझ्याच हातानं...?" 

"मी इतकी वर्षं तुला..." धम्मरत्न थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. या घरात आल्यापासून नेहाने त्या गुडघ्याची गोष्ट शंभरदा ऐकली होती, आणि दर वेळी नवऱ्याची बाजू घेतली होती. आज ती त्याची नजर चुकवून पुढे झाली. तिने दिराच्या हातातला ग्रीसने माखलेला चिंधीचा बोळा काढून घेतला आणि त्याला हात पुसायला स्वच्छ फडकं दिलं.

"काय निघालं?" ज्ञानदेवराव पुन्हा म्हणाले. खिशातलं मशीन त्यांनी कानात घातलं होतं, कधी ते कुणाला कळलं नाही. "मला कुणी सांगेल का?"

"काही नाही अण्णा, नंतर सांगू," नेहा म्हणाली, आणि हळूच, "ह्या वयात नका सांगू त्यांना."

"मी मेलो नाही अजून. आणा इकडं ते."

मैत्रीने दोन्ही बाजूंचे ठोकळे त्यांच्या पुढ्यात ठेवले. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं धड, पण बोटं तीच होती. डाव्या भकलावरून त्यांनी अंगठा वरून खाली फिरवला. वर वाळलेलं, खाली खरखरीत. तळाशी अंगठा बराच वेळ थांबला. मग उजवा ठोकळा घेतला, करंगळी आत घातली, आट्यांवरून फिरवली, बाहेर काढून हुंगली.

"तेल कुणी घातलं ह्याच्यात?"

"मी, अण्णा," संघर्ष म्हणाला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण आवाज पोरासारखा निघाला.

"मी नको म्हणालो होतो."

"हो."

"तरी घातलंस."

"मला बघायचं होतं, काय फरक पडतो."

"आणि भावाच्या चाकात का नाही घातलंस?"

"त्याला विचारलं होतं. तो नको म्हणाला."

"अण्णांनी ग्रीस सांगितलंय, तर ग्रीसच जाईल, असं म्हणालो मी," धम्मरत्न म्हणाला. "हात झटकला होता ह्याचा."

ज्ञानदेवरावांनी दोन्ही ठोकळे मांडीवर ठेवले.  प्रभावतीबाई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने चूक कबूल केलेली त्यांनी पाहिली नव्हती, आणि आज त्यांना तीच भीती वाटत होती, की करेल.

"म्हणजे ज्यानं माझं ऐकलं त्याचा पाय गेला," ते म्हणाले, "आणि ज्यानं नाही ऐकलं त्याला मी घराबाहेर घालवला."

"अहो, तुम्हाला तरी काय माहीत होतं?" प्रभावतीबाई म्हणाल्या.

"त्यानं सांगितलं होतं ना मला. जेवताना." त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. "संघर्ष, चुकलो रे मी."

संघर्षने मान हलवली.  त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी चाललं होतं, आईला ते दिसत होतं. लहानपणी कोडं घातलं की असा खाली बघत उभा राहायचा तो. शेवटी तो मैत्रीकडे वळला.

"मैत्री, एक विचारू? तुझ्या कामाचं आहे म्हणून विचारतो. चाक गेलं तेव्हा मी स्टिअरिंग उजवीकडं ओढलं. सगळा जोर लावून ओढलं. त्याऐवजी आधी ब्रेक मारला असता तर? किंवा ओढलंच नसतं तर? तू विचार करून सांग. काहीतरी असेल ना, जे मी करायला पाहिजे होतं?"

 मैत्री गाडीपाशी गेली, वाकून डावी बाजू पुन्हा एकदा पाहिली, दांडा हाताने हलवून पाहिला. मग परत येऊन काकासमोर उभी राहिली.

"नाही, काका. चाक आतल्या बाजूला दुमडून पडलं होतं. गाडीचं नाक रस्त्यावर घासत होतं. तुमच्या जागी आमच्या कंपनीचा टेस्ट ड्रायव्हर असता तरी गाडी डावीकडंच गेली असती."

"ब्रेक मारला असता तरी?"

"तरी."

"काहीच करता आलं नसतं?"

"काहीच नाही."

त्याने मान डोलावली. वळला, दोन पावलं टाकली, आणि गाडीच्या डाव्या बाजूला फरशीवरच बसला, पितळेच्या भुग्यात. "काहीच नाही?" त्याने पुन्हा विचारलं, पण या वेळी कुणाला विचारलं ते कळेना.

धम्मरत्न पाय ओढत त्याच्यापर्यंत गेला. त्याला खाली बसता येत नव्हतं. गाडीला धरून, ताठ पाय समोर सरळ काढत, धपकन तो भावाशेजारी बसला.

"काहीच नव्हतं रे तुझ्या हातात," तो म्हणाला. "सोड आता ते स्टिअरिंग."

संघर्ष भावाच्या खांद्यावर डोकं टेकून मोठमोठ्याने रडायला लागला. नेहा पाण्याचा तांब्या घेऊन धावली. प्रभावतीबाईंनी तिचा दंड धरून तिला थांबवलं आणि म्हणाल्या, रडू दे त्याला.